असईचा पट: लढाईचा खेळ घरी कसा रचायचा आणि कसा तपासायचा

पहिलाच खेळ पानिपतावर करायला घेऊ नका. मराठी घरात लढाईचा पट मांडायचा म्हटलं की सगळ्यांचं बोट आधी तिकडेच जातं, आणि बहुतेक पट तिथेच अर्धवट पडतात. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी भाऊसाहेबांपुढे निवडायला फारसं काही उरलेलं नव्हतं. रसद तुटलेली, छावणी उपाशी, सोबत यात्रेकरू आणि बुणग्यांचा मोठा लोंढा. खरे निर्णय आधीच्या अडीच महिन्यांत होऊन गेले होते. खेळाडूच्या हाती निर्णय नसेल तर तो नुसत्या सोंगट्या सरकवतो आणि फासे टाकतो. ते सापशिडीतही होतं.

पहिल्या खेळासाठी लढाई निवडताना चार गोष्टी पाहा. ती काही तासांत आटोपलेली असावी. मैदान एक-दोन कोसांत मावावं. दोन्हीकडच्या तुकड्या मोजता येतील इतक्या असाव्यात. आणि जो हरला त्याला जिंकायची खरी संधी होती, असं तुम्हाला मनापासून वाटलं पाहिजे. या चारही कसोट्यांना उतरणारी लढाई जालना जिल्ह्यात आहे: असई, २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज घेऊन आर्थर वेलस्ली. पुढची सगळी उदाहरणं याच लढाईची आहेत. पद्धत मात्र पालखेड सोडून जवळपास कुठेही चालेल. पालखेडला लढाईपेक्षा दौडच जास्त झाली, त्यामुळे तिथे पट वेगळा लागतो.

आधी प्रश्न, मग फासे

कागदावर सगळ्यात वर एक वाक्य लिहा: हा खेळ कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधतो? असईसाठी ते असं: शंभरावर तोफा आणि सुमारे १०,८०० कवायती पायदळ असलेली फौज साडेचार हजारांच्या फौजेपुढे का हरली, आणि तिला हरणं भागच होतं का? हे वाक्य भिंतीवर चिकटवा. पुढे प्रत्येक नियमाला विचारा, तू या वाक्याच्या कामाचा आहेस का? बंदूक भरायला किती सेकंद लागतात हा नियम या प्रश्नाच्या कामाचा नाही. तोफा ओढणारे बैल मेले तर काय, हा आहे.

आकडे गोळा करताना दोन रकाने ठेवा, ‘पटावर होते’ आणि ‘लढले’. शिंदे-भोसल्यांच्या घोडदळाचे आकडे तीस-चाळीस हजार असे मिळतात, पण त्यातलं फार थोडं घोडदळ त्या दिवशी प्रत्यक्ष भिडलं. कंपनीकडे म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मिळून पाचेक हजार स्वार होते. ते केळणा नदीच्या दक्षिणेला समोरच्या घोडदळावर नजर ठेवून राहिले. हो, पेशव्यांचे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर बाजीराव कंपनीच्या पंखाखाली होते. म्हणून सोंगट्यांवर ‘मराठे’ आणि ‘इंग्रज’ अशी नावं छापू नका. ‘शिंदे’, ‘भोसले’, ‘कंपनी’ लिहा. वेलस्लीच्या सात पलटणींपैकी पाच मद्रासी शिपायांच्या होत्या, हेही पटावर दिसलं पाहिजे.

नकाशा

केळणा दक्षिणेला, जुई उत्तरेला, दोन्ही पूर्वेकडे वाहत जाऊन मिळतात. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, जुईच्या काठावर असई. कंपनीची फौज पिंपळगावाजवळच्या उतारावरून (उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा) केळणा ओलांडून या बेचक्यात शिरली. तिथे उतार आहे हे वेलस्लीला कोणी खात्रीने सांगितलं नव्हतं. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, त्यावरून त्याने अंदाज बांधला.

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यावर २०० मीटर म्हणजे ४ मिलिमीटर. आपल्याला २०० मीटरला २५ मिलिमीटरचं घर हवं, म्हणजे नकाशा ६२५ टक्के मोठा करायचा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त नद्या, गावांच्या जागा आणि उंचवटे उतरवा. धरणं, डांबरी रस्ते, विहिरी, उसाचे फड सोडून द्या. आजच्या गावाचा पसारा १८०३ च्या गावाला लावू नका. असई त्या वेळी मातीच्या कुसवातलं छोटं गाव होतं, त्याला एकच घर पुरे.

२०० मीटरच का? सहाशे जणांची पलटण दोन रांगांत उभी केली तर एका रांगेत ३०० माणसं येतात. माणशी साधारण ५५ सेंटिमीटर धरले तर लांबी १६५ मीटर होते. म्हणजे एका घरात एक पलटण पसरून उभी, आणि मध्ये थोडी फट. घराचं माप असं पलटणीच्या रुंदीवरून ठरवलं की पुढचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

एटू आकाराचा कागद पुरतो (एफोरचे चार जोडले तरी चालतात). षटकोनी घरं आखताना सपाट बाजू वर ठेवा, म्हणजे घरांच्या सरळ ओळी उत्तर-दक्षिण जातील. इथे नवखे हमखास चुकतात. शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पोलमन याने मोहरा वळवल्यानंतर शिंद्यांची फळी केळणेपासून असईपर्यंत, म्हणजे उत्तर-दक्षिण, सुमारे एक मैल पसरली होती. घरांचं टोक वर असेल तर ही फळी पटावर नागमोडी होते, आणि प्रत्येक पलटणीला समोर दोन शत्रू येतात की तीन, यावर डावभर भांडण चालतं. सपाट बाजू वर असेल तर मैलभराची फळी आठ घरांत नीट बसते. दोन उभ्या स्तंभांच्या मध्यांत २१.७ मिलिमीटर अंतर ठेवा. कडेला सेंटिमीटरभर मोकळं सोडलं तर २६ स्तंभ आणि १५ ओळी मिळतात.

नद्या घरांच्या मधून काढू नका, घरांच्या कडांवरून काढा. तुकडी एक तर अलीकडे असते नाहीतर पलीकडे. नदीत उभी राहून लढत नाही. पिंपळगावच्या उताराची कड ठळक निळ्या ठिपक्यांनी दाखवा.

सोंगट्या

कंपनीकडे सात पलटणी, एक अर्धी तुकडी (पिकेट, म्हणजे त्या दिवसाचा पहारा), चार घोडदळाच्या रेजिमेंटा, १७ तोफांच्या दोन सोंगट्या, वेलस्ली आणि त्याच्या घोडदळाचा मॅक्सवेल हे दोन सरदार, आणि नदीपलीकडचे स्वार दोन. एकूण १८.

शिंदे-भोसल्यांकडे पोलमनच्या कंपूच्या (कंपू म्हणजे कवायती पलटणींचा गट) आठ पलटणी, सरधन्याच्या बेगम समरूच्या पाच (सेनापती सालेर), ड्यूपाँच्या चार. साधारण दहा तोफांना एक या हिशेबाने तोफखान्याच्या दहा. भोसल्यांचं बिनकवायती पायदळ चार, घोडदळ सहा, सरदार तीन. एकूण ४०.

घोडदळाच्या सहाच का? प्रमाणात काढल्या तर साठ-सत्तर सोंगट्या होतील, पट झाकला जाईल आणि कंपनी चौथ्या फेरीत संपेल. इतिहासात तसं झालं नाही, कारण ते घोडदळ त्या कामासाठी उभंच नव्हतं. पटावर येते ती लढायची इच्छा, हजेरीपट नव्हे.

सोंगटी १६ मिलिमीटरची चौकोनी करा. तिचा कर्ण २२.६ मिलिमीटर, त्यामुळे २५ च्या घरात ती कशीही फिरवली तरी बसते. १८ ची केलीत तर कोपरे बाहेर येतात आणि शेजारच्या सोंगट्या ढकलल्या जातात. एफोरच्या एका स्टिकर कागदावर कडा सोडून ११ गुणिले १७, म्हणजे १८७ सोंगट्या मावतात. ५८ सोंगट्या आणि सगळ्या खुणा एकाच पानात होतात; मागच्या बाजूसाठी आणखी एक पान.

पुठ्ठा दीड मिलिमीटरचा राखाडी बाइंडिंगचा घ्या. साधा कागद फेविकॉलने चिकटवला तर पुठ्ठा वाळताना वाकतो, कारण ओलावा एकाच बाजूने शिरतो. स्टिकर कागद वापरा, किंवा फेविकॉल लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंचे कागद एकाच बैठकीत लावून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. पुढची-मागची बाजू जुळवायला चार कोपऱ्यांच्या खुणांतून टाचणी आरपार टोचा आणि मागचा कागद त्या भोकांवर बसवा. तरीही मिलिमीटरभर सरकतोच. म्हणून दोन सोंगट्यांच्या मध्ये पांढरी रेघ ठेवू नका, रंग सलग जाऊ द्या. स्टीलची पट्टी आणि नवं पातं घ्या, एकेका रेघेवरून हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवा. एकाच दमात कापायला गेलात की पातं पुठ्ठ्यात तिरकं शिरतं आणि पट्टीवरचं बोट धोक्यात येतं. रंग ठरले की पानाचा फोनवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन बाजू त्यात वेगळ्या दिसल्या नाहीत तर रंग बदला.

हे सगळं पहिल्या दिवशी मात्र करू नका. पहिले पाच डाव कागदाचे तुकडे आणि पेन्सिलीवरच होतील. सुंदर सोंगटी कापून झाली की तिच्यावरचा चुकीचा आकडा बदलायला हात धजत नाही.

एक फेरी किती मिनिटांची

लढाई दुपारी तीनच्या सुमाराला पेटली आणि संध्याकाळपर्यंत चालली. पंधरा मिनिटांची एक फेरी धरली तर बारा फेऱ्या होतात. कवायतीच्या संथ चालीने पायदळ मिनिटाला ५७ मीटर चालतं, पंधरा मिनिटांत ८५० च्या आसपास. पण थांबणं, रांग सरळ करणं, नाले ओलांडणं यात निम्मा वेळ जातो. म्हणून पायदळाला फेरीला दोन घरं, घोडदळाला पाच, बैलांच्या तोफेला एक. पुस्तकी वेग जसाच्या तसा वापरलात तर चौथ्या फेरीत दोन्ही फळ्या एकमेकांच्या उरावर असतात आणि उरलेल्या आठ फेऱ्यांत करायला काही राहत नाही.

उतारावरून एका फेरीत पाचच सोंगट्या पार होऊ द्या. कंपनीच्या चौदा सोंगट्यांना तीन फेऱ्या लागतात. तेवढ्याच वेळात शिंद्यांची दक्षिणेकडे तोंड केलेली फळी पूर्वेकडे वळवायची आहे. आतल्या टोकाला एक-दोन घरं, बाहेरच्या टोकाला पाच-सहा. हे दोन आकडे एकमेकांवर घासले पाहिजेत. उतार फार रुंद केला तर शिंदे वळण्याआधीच कापले जातात, फार अरुंद केला तर ते निवांत वळून चहा पितात.

हुकूम कोणाचा चालतो

खेळाचा गाभा इथे आहे, त्यामुळे इथे वेळ घालवा. असईला शिंद्यांच्या बाजूला तोफा कमी नव्हत्या, माणसं कमी नव्हती. कमी होता तो हुकमाचा दोर. युद्धाच्या तोंडावर कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना बाहेर पडायला लावलं, आणि कवायती पलटणींना अनुभवी अधिकारी कमी पडले. पोलमन, सालेर आणि ड्यूपाँ यांचे कंपू वेगळे, बेगम समरूची फौज वेगळ्या धन्याची, घोडदळ शिंदे-भोसल्यांच्या हाताखाली आणि लढाईच्या जागेपासून पश्चिमेला.

‘तू चाल, मग मी चालतो’ ही बुद्धिबळाची रीत इथे हे सगळं पुसून टाकते. त्याऐवजी पेल्यात सात चिठ्ठ्या टाका: वेलस्लीच्या दोन, मॅक्सवेलची एक, पोलमन, सालेर, ड्यूपाँ आणि घोडदळ यांची एकेक. न पाहता चिठ्ठी काढा. जिचं नाव येईल तिच्याच सोंगट्या हलतील आणि डागतील. वेलस्लीच्या एका चिठ्ठीवर पाचच सोंगट्या हलवता येतात, पण कोणत्या ते तो निवडतो. पोलमनची चिठ्ठी आली की त्याचा आख्खा कंपू हलतो, पण फक्त त्याचाच. घोडदळाची चिठ्ठी आली तर दोन फासे टाका. बेरीज ९ किंवा जास्त आली तरच ते हलतं. ही शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे २८ टक्के. खेळाडूला घोडदळाचा भरवसा वाटत नाही, पण आशाही सुटत नाही. ८ वर ठेवलंत तर ती ४२ टक्के होते, आणि चाचण्यांत शिंद्यांचा खेळाडू पायदळ हलवायचं विसरून घोडदळाचीच वाट पाहू लागतो.

चिठ्ठ्यांचा आणखी एक फायदा आहे. पुढची चाल कोणाची हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे हा डाव एकट्यालाही खेळता येतो, आणि पुढे चाचणीत त्याची फार गरज पडते.

तोफा आणि धैर्य

तोफेची सोंगटी तीन ते पाच घरांवर एक फासा टाकते, सहा आला तर मार लागतो. दोन घरांवर पाच किंवा सहा. शेजारच्या घरावर छर्रे: दोन फासे, प्रत्येकी चार ते सहा. पायदळाची बंदूक शेजारच्याच घरावर चालते, एक फासा, पाच-सहा.

मार लागला म्हणजे तुकडी मेली असं नाही. तिने धैर्याची परीक्षा द्यायची. दोन फाशांची बेरीज तिच्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर ती टिकली. जास्त आली तर सोंगटी उलटी, म्हणजे निम्मी. उलटी असताना पुन्हा नापास झाली तर पटाबाहेर. ७४ आणि ७८ या गोऱ्या पलटणींना ९ द्या, मद्रासी शिपायांना ८, शिंद्यांच्या कंपूंना ७, भोसल्यांच्या बिनकवायती पायदळाला ५. फरक क्षुल्लक दिसतो, पण एकापाठोपाठ तीन परीक्षा द्याव्या लागल्या तर ९ वाली पलटण १०० पैकी ५८ वेळा सही-सलामत निघते, ८ वाली ३८ वेळा आणि ७ वाली २० वेळा. बंदुकीच्या मारात मात्र शिंद्यांच्या पलटणींना शिपायांपेक्षा कमी लेखू नका. त्यांची कवायत त्याच तालमीची होती. खोट हुकमात होती, ती धैर्याच्या आकड्यात आणि चिठ्ठ्यांत आलीच आहे. तिसऱ्या ठिकाणी पुन्हा वजा करू नका. एकाच कारणाची शिक्षा तीनदा देणं हा नवख्या रचनाकाराचा नेहमीचा दोष.

तोफखान्याला धैर्य-परीक्षा ठेवूच नका. त्या दिवशी गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. संगिनी भिडेपर्यंत डागत राहिले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले, कंपनीची रांग पुढे गेल्यावर उठले आणि तिच्या पाठीत तोफा डागल्या. वेलस्लीला ७८ वी पलटण आणि एक घोडदळ रेजिमेंट घेऊन परत यावं लागलं. नियम असा करा: काबीज झालेली तोफ उलटी करा. कंपनीची तुकडी त्या घरातून निघून गेली तर प्रत्येक फेरीअखेर एक फासा टाका, पाच-सहा आला की तोफ पुन्हा सुलटी. कंपनीच्या खेळाडूला आता रखवालीला पलटण मागे ठेवायची की धोका पत्करायचा हे ठरवावं लागतं.

कंपनीच्या तोफांना उलटा नियम. त्यांना मार लागला की एक फासा. चार ते सहा आला तर बैल मेले आणि तोफ जागेवर रुतली. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हे बहुधा होतंच, आणि मग तोफांशिवाय पुढे जायचं की उभं राहून मार खायचा, हा वेलस्लीपुढचा पेच खेळाडूच्या मांडीवर येऊन बसतो.

पटावर बसण्याआधी कागदी हिशेब करा. पाच घरांवरून दोन-दोन घरं चालत येणारी पलटण एका तोफेच्या सोंगटीसमोर तीन घरांवर एकदा (१/६ मार) आणि शेजारी एकदा (दोन फासे, सरासरी १ मार) सापडते. एकूण ७/६ मार. धैर्य ८ ची पलटण ३६ पैकी १० वेळा नापास होते, म्हणजे दर पलटणीमागे ०.३२ टप्पे (सोंगटी एकदा उलटली किंवा पटाबाहेर गेली की एक टप्पा). आठ तुकड्यांना मिळून अडीचच्या वर. आता इतिहास: कंपनीचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता, मिळून १,५८४. साडेचार हजारांचे ३५ टक्के. पटावर कंपनीचे टप्पे २३ (सात पलटणींचे १४, पिकेटचा एक, घोडदळाचे आठ), त्यांचे ३५ टक्के म्हणजे आठ. त्यांतले अडीच टप्पे तोफांनी घ्यायचे, बाकीचे बंदुका, संगिनी आणि असईच्या कुसवाने घ्यायचे. कागदावर तोफांनीच आठ येत असतील तर आकडे आत्ताच उतरवा.

मागाहूनचं शहाणपण

दोन्ही खेळाडूंना शेवट माहीत आहे. शिंद्यांचा खेळाडू पहिल्या फेरीलाच दहाही तोफा पिंपळगावच्या उतारावर नेऊन ठेवतो आणि डाव दुसऱ्या फेरीत संपतो. यावर लोक उपाय सुचवतात, ‘उतार आहे की नाही हेच फाशावर ठरवा’. इतिहासाला धरून आहे, पण सहापैकी एकदा पट मांडून चिठ्ठ्या कापून बसलेल्या दोघांना घरी पाठवणारा नियम कोणाला हवा? साधा उपाय: कंपनीची पहिली सोंगटी नदी ओलांडेपर्यंत शिंद्यांच्या तोफा डागू शकतात, पण त्यांचं कोणीही हलत नाही. त्या फेरीत पेल्यात शिंदे-भोसल्यांच्या चार चिठ्ठ्यांपैकी एकच टाकायची, ती पोलमनची.

दुसरा सापळा असईचा. पिकेट दिशा चुकून थेट गावाकडे गेली, मागोमाग ७४ वी. दोन्हींची चाळण झाली आणि मॅक्सवेलला घोडदळ घालावं लागलं. कंपनीचा खेळाडू ही चूक कधीच आपणहून करणार नाही. त्याच्यावर ती लादलीत तर तो चिडेल. मधला रस्ता: फळी लागली की एक फासा टाका. एक-दोन आला तर पिकेट आणि ७४ वी रोज एक घर असईकडे सरकतात, वेलस्लीची सोंगटी शेजारी येऊन उभी राहीपर्यंत. आता चूक फाशाची, पण ती निस्तरायची की डाव्या टोकाला केळणेच्या काठाने हल्ला चालू ठेवायचा हा निर्णय माणसाचा. (वर ‘रोज एक घर’ वाचून थबकलात का? ‘दर फेरीला’ म्हणायचं होतं. नियमावलीत असा एक शब्द घसरला की टेबलावर वीस मिनिटं जातात, म्हणून मुद्दाम ठेवला.)

जिंकण्याची अट: कंपनीने सातपेक्षा कमी तोफांच्या सोंगट्या घेतल्या, किंवा बारा टप्पे गमावले, तर शिंदे-भोसले जिंकले. सात तोफा आणि आठपर्यंत टप्पे गेले तर कंपनीचा निखळ विजय. नऊ ते अकरा गेले तर महागातला. प्रत्यक्षात कंपनीला ९८ तोफा मिळाल्या, पण फौज इतकी थकली की लगेच पाठलाग करता आला नाही. मारामारी नुसती मोजली की शिंद्यांचा खेळाडू तोफा सोडून असईच्या कुसवात जाऊन बसतो. तोफांना गुण दिले की त्याला बाहेर उभं राहावंच लागतं. आणि बाराव्या फेरीला डाव ठरलेल्या वेळी संपवू नका. उद्या नाहीच म्हटल्यावर कंपनीचा खेळाडू उरलंसुरलं सगळं आगीत टाकतो. अकराव्या फेरीअखेरपासून फासा टाका, एक-दोन आला की अंधार पडला.

चाचणी डाव

पहिले तीन डाव एकट्याने खेळा, दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे. इथे समतोल पाहायचाच नाही. नियम कुठे गप्प बसतात ते पाहा: एका घरात किती सोंगट्या, माघार घ्यायला जागाच नसेल तर काय, तोफेच्या मारात आपलीच पलटण आडवी आली तर काय. अडलात तिथे निर्णय घ्या, वहीत लिहा, पुढे चला. डाव थांबवून नियम सुधारत बसलात तर शेवटच्या चार फेऱ्या कधीच तपासल्या जात नाहीत, आणि बिघाड तिथेच लपलेले असतात.

पुढचे डाव दुसऱ्याबरोबर. वहीत दर फेरीला पाच गोष्टी: किती मिनिटं लागली, दोन्हीकडचे गेलेले टप्पे, घेतलेल्या तोफा, विचारलेले प्रश्न, आणि कोणता खेळाडू केव्हा फोन पाहू लागला. शेवटची नोंद सगळ्यात उपयोगाची असते. फेरी दहा मिनिटांवर गेली की डाव दोन तासांपलीकडे जातो. तिसऱ्या फेरीनंतरही वेळ उतरत नसेल तर सोंगट्या कमी करा, नियम नव्हे. दोन डावांमध्ये एकच बदल करा. धैर्य, उतार आणि घोडदळ एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळायला मार्ग नाही.

दहा डावांत कंपनी सात जिंकली म्हणून घाईने आकडे हलवू नका. अगदी समतोल खेळातही दहापैकी सात किंवा जास्त डाव एकाच बाजूला जाण्याची शक्यता ३४ टक्के आहे. वीस डावांत पंधरा गेले तर ती ४ टक्क्यांवर येते. तेव्हा हात घाला. तेच दोघं बाजू बदलून खेळले तर खेळाडूचा कस आणि बाजूचा कस वेगळा करता येतो.

बोलावताना एक तरी रडीचा डाव खेळणारा बोलवा. नियमात फट सापडली की तिच्यातून तोफ नेणारा, ‘असं लिहिलंय कुठे?’ विचारणारा. सज्जन खेळाडू तुमच्या मनातला खेळ खेळतात. हा कागदावरचा खेळतो.

शेवटी मुका डाव. नियमावली, पट आणि सोंगट्या अशा दोघांना द्या ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही. तुम्ही खोलीत बसा, पण तोंड उघडायचं नाही. ते चुकले तरी नाही, विचारलं तरी नाही. चूक आणि वेळ लिहून घ्या. पहिल्या मुक्या डावात मांडणीच चुकीची होते. त्यासाठी मांडलेल्या पटाचा एक फोटो नियमावलीत टाका. दुसऱ्यात एकाच गोष्टीला दोन शब्द वापरलेले उघडे पडतात: एका पानावर ‘शेजारी’, दुसऱ्यावर ‘लगत’, आणि दोघं बसतात अर्थ लावत. एका गोष्टीला एक शब्द, शेवटपर्यंत. तिसऱ्या मुक्या डावात दोघंही नियमावली न उघडता पाचवी फेरी खेळत असतील तर आता पुठ्ठा कापायला हरकत नाही. नियमावलीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख टाका. जुनी पानं फाडून टाका, नाहीतर तीन महिन्यांनी डब्यातून नेमकं तेच पान निघतं ज्यात घोडदळ ८ वर हलतं.